शिळा नंबर

दुपारचे तीन वाजायला पाच मिनिटं उरली, की जालन्याच्या स्टेशनामागच्या गल्लीत द्वारकाबाई भाकरीचं टोपलं झाकायच्या, पदराला हात पुसायच्या आणि ओसरीत येऊन टेकायच्या. टेकताना एक उसासा ठरलेला.

"चला बाई, लागली आमची ड्यूटी."

आता ती ओसरी नीट डोळ्यांसमोर आणा. पडदा वर जायच्या आधी रंगमंच मांडून झालेला असतो ना, तशी ती तीन वाजता मांडून तयार असायची. विटांच्या दोन थरांवर जुन्या दाराची एक झडप आडवी टाकलेली. तिच्यावर सायकलच्या चाकातल्या तारांचे रूळ. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले सिग्नलचे हात, लाल रंगवलेले, मधे पांढरा पट्टा. पाण्याची टाकी म्हणून औषधाची बाटली, मालधक्का म्हणून बिडीचं खोकं. आणि झडपेच्या कडेला ओळीनं चौदा लाकडी दांडे, वीतभर उंचीचे. रुळांचा सांधा बदलायचा दांडा आधी ओढला नाही, तर सिग्नलचा दांडा हलायचाच नाही. खाली पट्ट्यांना खाचाच तशा पाडलेल्या. हे जालना स्टेशन होतं, पण १९९८ सालचं नव्हे. १९५४ सालचं, छोट्या लाईनचं, कापसाच्या हंगामातलं.

मांडणारा माणूस म्हणजे द्वारकाबाईंचे मालक, पुंजाराम. मूळचे हसनाबादचे, घरी शेती. पण बत्तीस वर्षं जालना स्टेशनच्या केबिनीत सिग्नलचे दांडे ओढण्यात गेली. मोठी लाईन आली, रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, आणि एका सकाळी मजुरांनी केबिनीचं छप्पर उतरवलं. पुंजाराम रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बघत होते. दोन दिवसांनी मच्छिंद्र सुताराकडं जाऊन सागाचे तुकडे मागून आणले आणि कामाला लागले. दोन उन्हाळे गेले त्यात.

सगळं आठवणीतून केलं, आणि डोक्यापेक्षा हातांना जास्त आठवत होतं. सात नंबरचा दांडा खऱ्या केबिनीत फार जड. त्याची तार लांब, पार परतुराकडच्या सिग्नलापर्यंत गेलेली. ओढताना पाय भिंतीला लावावा लागायचा. म्हणून या वीतभर सात नंबरलाही पुंजारामांनी खालून टायरच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली होती. उजवा खांदा त्या सात नंबरनंच खाल्लेला. आता हात डोक्यावर नेऊन टोपी घालायची तरी कळ यायची.

"सोडून टाका की ती पट्टी," द्वारकाबाई म्हणायच्या. "कोण साहेब तपासणीला येऊन राह्यला इथं?"

"हलका सात नंबर म्हंजे सात नंबर न्हाई," एवढंच उत्तर.

गाड्या द्वारकाबाई चालवायच्या. काड्यापेट्या दोऱ्यानं एकीमागे एक बांधलेल्या. शेवटच्या पेटीला मागून कुंकवाचं बोट लावलेलं. तो शेपटीचा लाल दिवा. एका बोटानं गाडी पुढं ढकलायची, सिग्नलचा हात आडवा असला तर बाहेर थांबवायची, खाली पडला की आत घ्यायची. दुसऱ्या हातानं तूर निवडणं, लसूण सोलणं चालू. "माझ्यासारखा डायवर अख्ख्या रेल्वेत न्हाई," असं त्या म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

पण केबिनवाला आणि ड्रायव्हर एवढ्यानं स्टेशन चालत नाही. हुकूम देणारा मास्तर लागतो. तो होता भिंतीपलीकडं.

गिरिधर हे १९५४ साली या स्टेशनात नवे असिस्टंट मास्तर होऊन आले होते. पुढं बदल्यांवर बदल्या, चार जिल्हे हिंडले. पण निवृत्त व्हायच्या आधी पुंजारामांच्या शेजारचाच प्लॉट घेतला. दोन घरांमध्ये एकच भिंत. पत्नी तारा सहा वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी अरुंधती पुण्यात विम्याच्या ऑफिसात. त्या सामाईक भिंतीला पुंजारामांनी भोक पाडून नळाचा पाईप बसवला होता. इकडं तोंड लावून बोललं की तिकडं ऐकू जायचं. दोन्हीकडं सायकलच्या घंट्या, त्यांना दोरी. खऱ्या कामातही मास्तर आणि केबिनवाला एकमेकांना दिसायचे नाहीत. फक्त आवाज. इथंही तसंच.

रीत अशी होती. गाडी आत घ्यायची तर मास्तरनं फोनवर हुकूम द्यायचा आणि सोबत एक नंबर सांगायचा. त्याला सगळे 'प्रायव्हेट नंबर' म्हणत, पुंजाराम 'पायवेट'. मास्तरजवळ दोन आकडी नंबरांचा छापील कागद असायचा, उलटसुलट क्रमानं. वरून एकेक नंबर द्यायचा, दिला की त्यावर रेघ मारायची, समोर गाडीचं नाव लिहायचं. केबिनवाल्यानं तो वहीत उतरवायचा आणि मगच दांड्याला हात लावायचा. एकदा दिलेला नंबर पुन्हा द्यायचा नाही. नवा नंबर म्हणजे मास्तरनं या गाडीसाठी, आत्ता, डोळ्यांनी बघून, विचार करून हुकूम दिला याची खूण. जुना नंबर आला तर समजायचं की मास्तरचं तोंड बोलतंय, डोकं दुसरीकडं आहे.

त्यावरूनच दोघांची ओळख झाली होती. चोपन्न सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी नव्या मास्तरांनी पॅसेंजर आत घ्यायला एकतीस नंबर दिला. अर्ध्या तासापूर्वी तोच मालगाडीला दिलेला. पुंजाराम तेव्हा सव्वीस वर्षांचे, सहा महिन्यांच्या नोकरीचे. ते म्हणाले, "साहेब, नंबर शिळा हाय."

"शिळा? भाकरी आहे का ती शिळी व्हायला? दांडा ओढ!"

"न्हाई ओढत."

पॅसेंजर बाहेर शिट्ट्या मारत सात मिनिटं उभी. मास्तर टोपी हातात घेऊन केबिनीच्या बावीस पायऱ्या चढून आले ते लालबुंद. पुंजारामांनी वही पुढं केली आणि खिडकीकडं बोट दाखवलं. ज्या रुळावर पॅसेंजर घ्यायची होती, त्याच रुळावर कापसाच्या गाठींची मालगाडी उभी होती. इंजिन पाणी घ्यायला गेलं होतं.

मास्तर बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मग पुंजारामांचीच पेन्सिल मागून त्यांच्याच वहीत लिहिलं, 'चूक माझी', आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा बावीस पायऱ्या. डब्यात ताराबाईंच्या हातचं थालीपीठ.

"ताजं आहे. तपासून घे," म्हणाले.

चव्वेचाळीस वर्षं झाली त्या थालीपिठाला.

आता मात्र गेल्या वर्षभरापासून गिरिधरांच्या डोक्यातून एकेक गोष्ट सुटत चालली होती. कोथिंबीर आणायला जायचे आणि जिथं केबिन होती त्या मोकळ्या जागेत उभे राहायचे. ताराबाईंना हाक मारायचे. दूध उतू जायचं, गॅस चालूच. पुंजाराम सकाळी उठून आधी त्यांचा गॅस बघायचे, मग स्वतःचा चहा. बाजारात मागोमाग जायचे, दहा पावलं अंतर ठेवून, त्यांना कळू न देता. संध्याकाळी दाराची कडी आतून लागली का ते ऐकायचे. सत्तरीच्या माणसानं एवढं करायचं म्हणजे हाडं बोलायला लागतात.

"दोन दोन नोकऱ्या करून राह्यले तुम्ही," द्वारकाबाई म्हणायच्या. "अन् पेन्शन एकच."

फक्त तीन ते साडेचार गिरिधर पूर्वीचे असायचे. पाईपातून आवाज यायचा तो खणखणीत. कोणती गाडी कोणत्या रुळावर, मालगाडीचे किती डबे कापायचे, मेलला किती मिनिटं, सगळं मुखोद्गत. मुलीचं नाव अडायचं, पण ही दुपार अडायची नाही. त्या दीड तासासाठी पुंजाराम बाकीचे साडेबावीस तास ओढत होते, असं म्हटलं तरी चालेल.

आणि चार महिन्यांपूर्वी पहिला शिळा नंबर आला.

पुंजारामांनी वही बघितली, पुन्हा बघितली. तोंडावर आलेला शब्द गिळला आणि पाईपात म्हणाले, "आवाज आला न्हाई साहेब. परत सांगा." तिकडं गिरिधरांचा नंबरांचा कागद खुसखुसला, आणि या वेळी बरोबर, नवा नंबर आला. मग ती युक्तीच झाली. आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड, मग रोज. "आवाज न्हाई आला साहेब."

"तुमचे कान गेले की काय, पुंजाराम?" गिरिधर एकदा हसून म्हणाले.

"व्हय साहेब. वय झालं."

द्वारकाबाईंनी तूर निवडता निवडता नवऱ्याकडं बघितलं.

दसऱ्यानंतर गॅसवरचं पातेलं जळालं, खिडकीचा पडदा पेटला. समोरच्या केशरबाईंनी पुण्याला फोन केला आणि अरुंधती आली. सकाळीच तिनं पुंजारामांना अंगणात गाठलं. पंचेचाळिशीची बाई, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ती पण दमलेलीच.

"काका, मला खरं सांगा. बाबा इथं एकटे राहू शकतात? मी न्यायचं म्हटलं की ते दोन दिवस जेवत नाहीत. ठेवायचं म्हटलं की मला झोप लागत नाही."

पुंजारामांच्या मनात आलं, मास्तर गेले तर भिंतीपलीकडं काय उरणार? पाईप.

"ताई, तुम्ही दुपारी तीनला त्यांच्यापाशी बसा," ते म्हणाले. "मास्तर बिलकुल बराबर असतेत. तुमच्या डोळ्यानंच बघा."

"बरं. बघते. त्या वेळात नीट असले, तर दिवाळीपर्यंत न्यायचा विषय काढत नाही."

घरात येताच द्वारकाबाईंनी दार ओढून घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अव्हो, एक सांगते. आज काही होऊ द्या, दांडा ओढा. नंबर गेला खड्ड्यात. काड्यापेट्या हाय त्या. कोणी मरत न्हाई."

"माहीत हाय मला."

"माहीत हाय तर मंग तसं करा."

तीन वाजले. घंटा झाली. पडद्यामागून नायकाची पहिली ओळ यावी, तसा पाईपातून गिरिधरांचा आवाज आला. "जालना मास्तर बोलतोय. केबिन, हजर?"

"हजर, साहेब."

काय रंगली ती दुपार! डाऊन पॅसेंजर आली, पाणी प्याली, गेली. मालगाडीचे सहा डबे कापून धक्क्याला लावले. दांड्यांची खटखट, द्वारकाबाईंचं बोट सुसाट. मधूनच पलीकडून अरुंधतीचा आवाज यायचा. "बाबा, हे सगळं तुमच्या लक्षात आहे?" आणि गिरिधर ऐटीत, "गप्प बस गं, लाईन चालू आहे." त्या आवाजात एक हसू होतं. पुंजारामांना वाटलं, जमलं. दिवाळी गाठली.

सव्वातीनच्या मालगाडीला सत्तेचाळीस नंबर आला होता. पुंजारामांनी तो उतरवला होता.

चार वाजता परतुराकडून अप मेलची वेळ. सात नंबर. द्वारकाबाईंनी मेल सिग्नलाबाहेर आणून उभी केली.

"मेल एक नंबर रुळावर घ्या," गिरिधर म्हणाले. "नंबर सत्तेचाळीस."

पुंजारामांनी वहीवर बोट ठेवलं. "आवाज आला न्हाई साहेब. परत सांगा."

"सत्तेचाळीस."

"पाईपात काही अडकलं वाटतं. परत एकदा."

"सत्तेचाळीस! चार आणि सात!" मग बाजूला, मुलीला, "म्हातारा झाला बिचारा."

अरुंधती हसली. मोकळं हसली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हसल्यासारखी. "बाबा, तुम्ही तर पाठ म्हणताय. मी उगीच घाबरले."

इकडं द्वारकाबाईंनी डोळे मोठे केले, मानेनं खूण केली. ओढा. पुंजारामांचा हात सात नंबरवर गेला. ट्यूबची पट्टी हाताला लागली. एवढा ओढला, की झालं. पत्र्याचा हात पडेल, काड्यापेट्या आत येतील, अरुंधती उद्या एकटी परत जाईल. कोणाला कळणार होतं?

ओढला नाही.

का, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. एवढंच मनात आलं, की मास्तरांना गॅस बंद करून देणं निराळं, बाजारात मागून चालणं निराळं. पण शिळ्या नंबरावर दांडा ओढायचा म्हणजे पलीकडं मास्तर बसलेलाच नाही असं धरायचं. पोराला खेळवावं तसं. एका जागी तरी हा माणूस अजून मास्तर होता.

मेल सिग्नलाबाहेर तशीच उभी.

"पुंजाराम," पलीकडून आवाज आला. या वेळी हळू. "दांड्याचा आवाज नाही आला. हात का पडत नाही?"

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला.

"पुंजाराम, शिळा आहे का रे?"

"व्हय साहेब. सव्वातीनच्या मालगाडीला दिल्ता."

कागद हलल्याचा आवाज. गिरिधरांनी चष्मा मागितला, अरुंधतीनं दिला असावा. मग ते बोलले ते पुंजारामांशी नाही, मुलीशी. "हे बघ. यावर रेघ आहे. मीच मारली आहे. आणि तरी तोच दिला. एकदा नाही, तीनदा."

"बाबा, एक आकडा चुकला, त्यात काय एवढं?"

"त्यात सगळं आहे, अरू." मग पाईपाशी येऊन म्हणाले, "किती दिवस चाललंय?"

"साहेब..."

"किती दिवस तुझे कान गेलेत?"

"चार महिने झाले, साहेब."

"हं." मग तो जुना, खणखणीत आवाज: "मेल बाहेर उभी ठेव. वही काढ. लिहून घे. चूक माझी. वेळ चार वाजून सहा. आणि मास्तर चार्ज देतोय."

रेल्वेत ड्यूटी बदलताना मास्तर पुढच्याला कामाचा ताबा देतो, त्याला चार्ज म्हणतात. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय खुर्ची सोडता येत नाही. पुंजारामांनी ते वहीत उतरवलं.

"चार्ज कुणाला, साहेब?"

"हिला. अरू, इथं सही कर. पूर्ण नाव लिही."

"बाबा, मला यातलं काही येत नाही."

"मलाही पहिल्या दिवशी येत नव्हतं. सही कर."

मग नाक ओढल्याचा आवाज, आणि पाईपात अवघडलेला, ओला आवाज. "पुंजारामकाका, मी अरुंधती. चार्ज घेतला. आता काय करू?"

"मेल बाहेर उभी हाय, ताई. तिला आत घ्यायला नंबर लागतो."

"कोणता देऊ?"

मागून गिरिधर म्हणाले, "ज्याच्यावर रेघ नाही तो."

"बासष्ट," अरुंधती म्हणाली.

पुंजारामांनी बासष्ट लिहिला. पाय विटांना लावून दोन्ही हातांनी सात नंबर ओढला. खांद्यातून कळ पार मानेपर्यंत गेली. पत्र्याचा हात खट्कन खाली पडला.

"आली बाई एकदाची," म्हणत द्वारकाबाईंनी मेल आत घेतली. त्यांचं बोट नेहमीपेक्षा हळू चाललं होतं.

"शेपटीचा दिवा दिसला का?" पलीकडून गिरिधरांनी विचारलं. मागचा दिवा दिसला म्हणजे गाडी सबंध आली, मधे कुठं तुटून राहिली नाही.

पुंजारामांनी कुंकवाचं बोट बघितलं. "दिसला साहेब. गाडी पूर्ण आली."

दुसऱ्या दिवशी तीनला घंटा झालीच नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अरुंधतीनं पुण्याला जायला जीप सांगितली. सामान थोडंच होतं. ताराबाईंचा फोटो, दोन ट्रंका. द्वारकाबाईंनी थालीपिठं बांधून दिली. गिरिधरांनी डबा हातात घेतला, उघडून वास घेतला.

"ताजी आहेत?"

"तपासून घ्या," पुंजाराम म्हणाले.

गिरिधर हसले, पण त्यांना काय आठवलं ते कळायला मार्ग नव्हता. गाडीत बसल्यावर त्यांनी अरुंधतीला विचारलं, "हे गृहस्थ कोण?" पुंजारामांनी ते ऐकलं. जीप वळेपर्यंत उभे राहिले आणि आत आले.

तीन वाजायला पाच कमी असताना द्वारकाबाई सवयीनं ओसरीत येऊन टेकल्या. मग लक्षात आलं आणि नुसत्याच बसून राहिल्या. पुंजाराम भिंतीला पाठ लावून डोळे मिटून पडले होते. अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं.

"अव्हो," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमच्या सात नंबरचा हात खालीच हाय की."

पुंजारामांनी डोळे उघडले. खरंच, तो पत्र्याचा लाल हात परवापासून पडलेलाच होता. गाडी आत आली की सिग्नलचा हात लगेच परत आडवा करायचा, नाहीतर मागून येणारी दुसरी गाडी मोकळी लाईन समजून आत घुसते. बत्तीस वर्षांत ही चूक त्यांच्या हातून एकदाही झाली नव्हती.

"राहू द्या, मी करते," द्वारकाबाई उठायला लागल्या.

"तुला न्हाई जमायचं. जड हाय तो."

ते भिंतीचा आधार घेत उठले. गुडघ्यांवर हात टेकत झडपेपाशी बसले, पाय विटांना लावले आणि सात नंबर मागं सारला. हात परत आडवा झाला. मग त्यांनी वही उघडली, मेलच्या ओळीत पुढं लिहिलं, 'सिग्नल परत केला, दोन दिवस उशिरा', आणि खाली सही करायच्या आधी, जरा थांबून, 'चूक माझी'.